मोटारीच्या शेडमधले चार दिवस

काकांनी आमच्या मोटारीचं पॅकिंग दाबून फोडलं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मी त्यांना दिसत नव्हते, ते मला पुरते दिसत होते. बॉनेट वर केलेलं, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, हातात वडिलांचा पाना.

आमची मोटार काळी, जुनी, विलायती बनावटीची होती. छावणीतला एक लष्करी अधिकारी बदलून जाताना वडिलांना विकून गेला होता. तिच्या इंजिनातून चालू असताना टिकटिक असा बारीक आवाज येई. वडील म्हणत, या इंजिनाचा तो स्वभावच आहे, आवाज बंद झाला तर काळजी करायची. काकांना हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट विचारायची त्यांना सवय नव्हती. आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं आहे, हे त्यांनी ठरवलं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. ते वरून दोन नटांनी बसवलेलं असतं आणि त्याच्या कडेखाली कॉर्कची पट्टी असते, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून. तेच पॅकिंग. काकांनी ते दोन नट नांगराचे नट आवळतात तसे आवळले. दात दाबून, अंगाचा भार देऊन. कॉर्कचा एक तुकडा कडेनं बाहेर आला आणि खाली पडला. काकांनी तो पायानं बाजूला सारला.

मला तेव्हाच कळलं होतं की आता तेल गळणार. खिडकीतून मी एक शब्दही बोलले नाही. मी कुणाशीच फारशी बोलत नसे, काकांशी तर नाहीच. माझी शाळा इंग्रजी, आणि काकांच्या टोमण्यांना उत्तरं मला सुचत तीही इंग्रजीत, मनातल्या मनात, तासाभरानं. तोवर काका जेवून आडवे झालेले असत.

संध्याकाळी शेडच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी इंजिन तापल्यावर तेल खालच्या गरम नळीवर उतरून धूर आला. काकांनी आईला ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलं, "इंजान गेलं. सांग तुझ्या आईला. माणूस गेलं का त्याची वस्तू बी जाती."

आई त्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका तिच्याशी थेट बोलत नसत, ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे. आमच्या घराण्यात तशीच रीत होती. त्यामुळे दोघांमधला सगळा व्यवहार माझ्यातून होई. न बोलणाऱ्या मुलीला हे काम मिळालं होतं.

वडील गुरांचे डॉक्टर होते. पारनेरपासून कर्जतपर्यंतच्या गावांत त्या मोटारीतून हिंडले. गाडीची दुरुस्ती स्वतः करत, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि मी त्यांच्या हातात पाने देत असे. इंजिनावर वाकलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही. आमचं छान जमायचं. कुंपणाच्या आत गाडी पुढं-मागं घ्यायलाही त्यांनी मला शिकवलं होतं. मी एकोणीस वर्षांची असताना ते गेले.

त्यांच्या तेराव्यानंतर मिरजगावला परत जाताना काकांनी रेडिओ नेला. बाजारभाव ऐकायला लागतो म्हणाले. पुढच्या खेपेला घडीची खुर्ची नेली. मग नजर मोटारीवर गेली. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती आणि काकांना मोटारीतून उतरायचं होतं. हे ते बोलले नाहीत, काकू बोलल्या. काकू भाबडेपणानं बोलतात असं सगळ्यांना वाटे. मला मात्र तेव्हाही तशी खात्री नव्हती.

गाडीचा विषय निघाला तो उन्हाळ्यात, मामा पारनेरहून आले होते तेव्हा. मामा शाळामास्तर, आवाज कधी चढायचा नाही. ते चाचरत म्हणाले, गाडी इथंच राहू द्या, पोरगी चालवायला शिकेल. आमचं घर नगरच्या सावेडीत, तिथं तेव्हा चार बंगले आणि बाकी शेतं, दिवस मावळला की टांगेवाला इकडं यायला नाही म्हणायचा. गाडी असली तर या दोघींना बरं पडेल.

काका हसले. "पोरगी? पोरगा असता तर म्या तोंड उघडलं नसतं. त्यो असता तर गाडीला हात लावायला कोन तरी असतं. आमच्या भावानं जनावरांच्या पोटात हात घालन्यात जल्म घालवला, घरात एक पोरगं न्हाई झालं." मग मामांकडे बघून म्हणाले, "तरी बी तुमच्या शब्दाखातर सांगतो. गळती थांबली, तर ऱ्हाऊ द्या खुशाल. न्हाई थांबली, तर दसऱ्याला म्या गाडी न्हेतो. शिलंगनाला सीमा वलांडायची असतीच."

आई पदराआड उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात वडिलांची म्हणावी अशी चालती वस्तू तेवढी एकच उरली होती, आणि ती दसऱ्याला दारातून जाणार होती. गाडी मिस्त्रीकडे न्यायला काकांनी बंदी केली. गेलेल्या इंजिनावर पैसा घालायचा नाही, असा त्यांचा हुकूम.

त्या दिवसापासून मी काकांवर सूड घ्यायचा असं ठरवलं. कसा ते ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या प्रत्येक वाक्याचा मी हिशेब मनात ठेवला, आणि त्या 'पोरगा असता तर'चा सर्वांत वर.

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी काकांनी जाहीर केलं की भावाच्या घरात घट बसायला हवेत, आणि त्याला पुरुष माणूस लागतो, म्हणून आपण येऊ. नवरात्राच्या आदल्या दिवशी ते आणि काकू आले. काकांचे कडक उपवास असत, नऊ दिवस पायात वहाण नाही, दाढी नाही, घटाजवळचा दिवा विझू द्यायचा नाही. सगळ्या मिरजगावात त्यांच्या नवरात्राचा लौकिक होता आणि तो त्यांनी स्वतःच पोसला होता. आल्या आल्या त्यांनी घर आपल्या शिस्तीत आणलं. वडिलांची दवाखान्याची कातडी पेटी घटाच्या घरात नको म्हणून शेडमध्ये ठेवायला लावली. मग काकूंनी आईला विचारलं की पोरीची तारीख कधी.

आमच्या घरात तोवर बाजूला बसणं नव्हतं. आजी असेपर्यंत होतं, पुढं वडिलांनी मोडलं. गाई-म्हशी तपासणाऱ्या माणसाच्या घरात असलं चालायचं नाही, असं ते म्हणाले होते आणि विषय मिटला होता. आता काका म्हणाले, घट बसलेल्या घरात त्या दिवसांत पोरगी राहणार नाही. निराळी खोली नव्हती. म्हणून ठरलं, शेडमध्ये बसायचं.

घट बसल्यावर दोन दिवसांनी मी शेडमध्ये गेले. एक चटई, एक ॲल्युमिनियमची ताटली, पाण्याची कळशी आणि मोटार. दाराशी काकूंनी चुन्याची रेघ ओढली. जेवण रेघेच्या पलीकडून, ताटलीत वरून टाकायचं. काका तर शेडच्या समोरून जातही नसत. उपवासाच्या माणसावर माझी सावली पडायला नको म्हणून ते घराला वळसा घालून मागच्या बाजूनं नळावर जात. दाराच्या खालच्या फटीतून मला कधी लांबवर त्यांचे अनवाणी पाय दिसत, घाईनं निघून जाणारे.

पहिली सकाळ मी रडून घालवली. रागानं रडत होते, दुःखानं नाही, एवढं सांगायला हवं. दुपारी डोळे पुसले आणि समोर पाहिलं तर मोटार उभी होती. माझ्या पायाशी तेलाचा डाग होता. पलीकडे फळीवर पान्यांचा संच, त्याखाली वडिलांची पेटी. आणि या सगळ्याच्या पुढं, दाराशी, काकांनीच आखायला लावलेली रेघ, जिच्या आत घरातलं कुणीही पाऊल टाकणार नव्हतं.

मी उठले आणि बॉनेट उघडलं.

नट काकांनी इतके आवळले होते की मला पान्याला लोखंडी नळी लावून जोर द्यावा लागला. झाकण उचललं तर खालचं पॅकिंग दोन जागी चेंदून तुटलेलं आणि झाकणाची कड नटांच्या जवळ आत वाकलेली. म्हणजे नुसतं नवं पॅकिंग घालून भागणार नव्हतं, कड सरळ करायला हवी होती. मी जॅकखाली घालायचा लाकडी ठोकळा घेतला, झाकण त्यावर पालथं ठेवलं आणि हातोडीनं कड हळूहळू ठोकू लागले. एका ठिकाणी ठोकलं की शेजारी उचलायचं.

काकूंचा आवाज आला. "काय ठोकतीस गं?"

मी म्हटलं, "खिळा."

"ठोक बाई," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

वडिलांनी कॉर्कचा पत्रा गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला होता. अशा गाडीचं तयार पॅकिंग नगरमध्ये मिळत नसे, ते घरीच कापत. पण कॉर्क सुकून कडक झाला होता, उलगडायला गेले तर कडेला तडा गेला. मग आठवलं की ते तो पाण्यात भिजत घालत. माझी प्यायची कळशी होती. रात्रभर कॉर्क तिच्यात बुडवून ठेवला आणि मी पाणी मागून घेतलं. काकू म्हणाल्या, लई तहान लागती बया तुला.

दुसऱ्या दिवशी कॉर्क मऊ पडला होता. उन्हात थोडा सुकवून त्यावर झाकण ठेवलं, पेन्सिलीनं कड गिरवली. कापायला पत्ती नव्हती. वडिलांची पेटी उघडली. आत शस्त्रक्रियेची सुरी होती, अजून धारदार. तिनं मी पॅकिंग कापलं. जुन्या कॉर्कची खरवड काढायला बोथट सुरी, पुसायला रॉकेलचा बोळा. चिकटवायची लाख वडील स्पिरिटमध्ये विरघळवून बाटलीत ठेवत. ती घट्ट झाली होती, पण पेटीत स्पिरिट होतंच. लाखेचा पातळ हात झाकणाच्या कडेला, त्यावर पॅकिंग, वर विटा. इंजिनाच्या बाजूला लाख लावायची नाही, तिथं नुसतं ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना पॅकिंग फाटत नाही. पुढच्या वेळी, असं मनात आलं आणि मला हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी झाकण बसवलं. वडिलांची पद्धत अशी की नट आधी बोटांनी घट्ट करायचे, मग पान्यानं थोडे, एक इकडचा, एक तिकडचा. कॉर्क जरासा दबला की थांबायचं. या थांबण्यातच सगळं काम असतं. माझ्या मनात एवढा राग होता की तो पाना मला फिरवतच राहावासा वाटत होता. मी थांबले. काकांना जे जमलं नव्हतं ते करायचं तर थांबायलाच हवं होतं.

आता इंजिन चालू केल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि किल्ली घरात होती, घटाच्या खोलीतल्या खुंटीवर. त्या दुपारी सगळे केडगावला देवीच्या दर्शनाला निघाले. मी जाणार नव्हतेच. टांगा दाराशी आला, काका-काकू बसले, आणि आई मला जेवण द्यायला म्हणून मागं वळली. रेघेशी उभी राहून तिनं ताटलीत भाकरी टाकली, तिच्यावर पिठलं. मग म्हणाली, "ओंजळ कर."

मी ओंजळ केली. तिनं वरून किल्ली सोडली. शिवायचं नाही म्हणून जसं सोडतात तशीच, अंतर राखून. ती माझ्या हातात पडली, आईच्या कमरेची ऊब अजून तिच्यावर होती. मी आईकडे पाहिलं. ती बॉनेटकडे बघत होती.

"कॉर्क भिजवलास ना?" तिनं विचारलं. आणि उत्तर न ऐकता टांग्याकडे गेली.

गाडीखाली मी जुनं वर्तमानपत्र पसरलं. गळती आहे का हे वडील असंच बघत. बॅटरी अशक्त झाली होती म्हणून पुढं हँडल घातलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, नाहीतर उलट झटका बसून मनगट मोडतं. काही झटक्यांनंतर इंजिन खोकलं, मग लागलं. टिकटिक परत आली. मी चटईवर बसून ती ऐकत राहिले. इंजिन चांगलं तापू दिलं, बराच वेळ चालू ठेवलं, बंद केलं, पुन्हा लावलं. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. खालचं वर्तमानपत्रही कोरडं.

गळती थांबली होती. ठरल्याप्रमाणे गाडी आता आमची होती, आणि माझं काम तिथं संपायला हवं होतं.

पण मी काकांना ओळखत होते. गळत होती म्हणून नेणार होते, गळत नाही म्हणूनही नेतील. शब्द त्यांनी दिला होता, पण तो मामांना दिला होता, आणि मामांना दिलेला शब्द मोडायला काकांना फार कष्ट पडले नसते. म्हणून उरलेल्या वेळात मी आणखी काही गोष्टी केल्या. ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन नीट बसले. माझ्या पदरानं स्टिअरिंगचं चाक पुसलं, सगळीकडून, मग गिअरचा दांडा, दाराच्या मुठी, सीटची पाठ. संचातला एकेक पाना हातात घेऊन पुसला आणि परत लावला. यातलं एकही काम पॅकिंगसाठी लागत नव्हतं.

पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मी घरात आले. किल्ली आईनं खुंटीवर परत लावली. काकूंनी शेडमध्ये चटईच्या जागेपुरतं गोमूत्र शिंपडलं; त्यापलीकडे मी कशाला हात लावला असेल, हे काकांच्या मनातही आलं नाही.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. त्या दिवशी ती धुऊन पुसून पाटावर मांडायची, वापरायची नाहीत. काकांनी शेडमधून वडिलांचे सगळे पाने आणवले. ओळीनं मांडले, प्रत्येकाला हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली, नमस्कार केला. कपाळ पाटाला टेकवलं. मी दारात उभी राहून ते सगळं पाहिलं. आपण केलेल्या स्वयंपाकातलं कुणी मिटक्या मारत जेवत असावं, तसं काहीसं वाटलं.

दसऱ्याला दुपारी मामा सोनं द्यायला आले. काकांनी नवी टोपी घातली होती. गाडी शेडबाहेर काढली, ती स्वतःच. बॅटरीत मी पुरेसा जीव भरून ठेवला होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं, नारळ फोडला. शेजारच्या बंगल्यातले लोक कुंपणाशी आले होते. पुजलेल्या पान्यांचा पाट काकांनी मुद्दाम बाहेर आणून ठेवला होता. सगळं झाल्यावर ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि काकूंना म्हणाले, पिशव्या आना, मिरजगावला दिवस असता पोचू.

मामा खाली वाकून गाडी उभी होती ती फरशी बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "गळती थांबलेली दिसते. मग... राहू द्यायची ठरलं होतं ना?"

काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "व्हय, थांबली. का थांबली? नऊ दिस म्या अनवानी ऱ्हायलो. दिव्याला जागलो. देवीनं माज्या हातानं थांबवली, मंजी देवीच्या मनात ही माज्या दारी जायाचं हाय. देवीच्या म्होरं तुमचं-माजं ठरल्यालं काय घिऊन बसलाव?"

मामा फरशीकडेच बघत राहिले. आईचा पदर हलला, पण ती बोलू शकत नव्हती. मला बोलायचं होतं. वाक्यं मी शेडमध्येच जुळवून ठेवली होती, मराठीत. कुंपणाशी एवढी माणसं उभी होती. मला वाटतं, मी त्या दिवशीही गप्पच राहिले असते.

काकांनी इंजिन चालू केलं. टिकटिक सुरू झाली. ते कान देऊन ऐकत राहिले, मग खाली उतरले. "आजून वाजतंयच. वाटंत तरास नको, जरा आवळून घितो," म्हणत त्यांनी बॉनेट उचललं आणि पाटावरचा पाना उचलला, कुंकू लागलेला.

"काका, आवळू नका."

हे मी बोलले. त्यांनी वळून पाहिलं, आवाज कुणाचा हे बघायला.

"तो कॉर्क दबेल. मागच्या वेळी तुम्ही आवळलं म्हणूनच गळती लागली. मी खिडकीतून बघत होते. गळती देवीनं थांबवली नाही, मी थांबवली. पॅकिंग मी बदललं."

काका हसले. कुंपणाकडे बघून हसले. "मॅडम, कवा बदाललं?"

"शेडमध्ये बसले होते तेव्हा. त्या चार दिवसांत."

इंजिन चालूच होतं, म्हणून शांतता झाली असं म्हणता येणार नाही. पण काकांच्या चेहऱ्यावर ती झाली. मी पुढं बोलत राहिले. हळू, मोठ्यांशी बोलतात त्याच अदबीनं. "इंजिन मी उघडलं. तुम्ही आत्ता बसला होतात त्या सीटवर मी बसले होते. चाक पुसलं ते पदरानं पुसलं. तुमच्या हातात आहे त्याच पान्यानं मी नट बसवले. काल पाटावर मांडून तुम्ही पुजलात ते सगळे पाने मी हाताळलेत. एकही सोडला नाही."

त्यांनी हाताकडे पाहिलं. हळद-कुंकू अन् त्यात पाना. बोटं आपोआप उघडली आणि पाना मडगार्डवर आपटून खाली पडला. तिथला रंगाचा टवका आजही तसाच आहे, मी तो भरून घेतलेला नाही.

नऊ दिवसांचे उपवास, अनवाणी पाय, जागवलेला दिवा, पाटाला टेकवलेलं कपाळ. त्यांना ते एकेक करून आठवत गेलेलं मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर काय झालं ते कुंपणापलीकडच्या लोकांना पुन्हा सांगावं लागलं असतं. ते कपड्यानिशी नळाकडे चालू लागले, या वेळी घराला वळसा न घालता. दारात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी तेवढंच विचारलं, "पानी तापवू, का गारच घेता?"

त्या भाबड्या नाहीत, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

मामांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "म्हणजे ठरलं होतं तसंच झालं."

काका ओल्या धोतरानं फरशीवर थेंब गाळत आत गेले, कपडे बदलले आणि एस.टी.नं मिरजगावला गेले. जाताना सोनं दिलं नाही, घेतलं नाही. निवडणुकीत त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. नातेवाइकांत त्यांनी माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते मात्र कळत राहिलं. एक-दोन स्थळं परत गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काहीजण म्हणतात, मोठ्या माणसाला चारचौघांत असं करायला नको होतं, एकांतात सांगितलं असतं तर चाललं असतं. एकांतात सांगितलं असतं तर गाडी गेली असती. आणि 'पोरगा असता तर' हे काही ते एकांतात म्हणाले नव्हते.

संक्रांतीनंतर मला गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. एका सकाळी आई म्हणाली, "रेडिओ आणायचा का?"

आम्ही मिरजगावला गेलो. काकांच्या दारात मी हॉर्न वाजवला आणि गाडीतच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. काका ओट्यावर आले. आई मागच्या सीटवर होती, डोक्यावर पदर घेऊन. तिनं मला सांगितलं आणि मी काकांना सांगितलं की वडिलांचा रेडिओ न्यायला आलोय. ते आत गेले, रेडिओ घेऊन आले. ओट्याच्या पायरीपर्यंत आले आणि तिथं थांबले. गाडीच्या दारापासून पुरतं अंतर राखून त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि तसेच मागं सरले. काकू माझ्या ताटलीत जेवण टाकून सरत तसे.

मी उतरले, रेडिओ उचलून आईच्या मांडीवर दिला. मग बॉनेट उघडलं. काही बिघडलेलं नव्हतं, तरी उघडलं. शेजारपाजारचे लोक जमले होते. मी झाकणाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं, चारी बाजूंनी, आणि ते काकांना दिसेल असं वर धरलं. कोरडं होतं.